वणव्याच्या स्वयंपाकघरातला नळ

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लेखन. ठरलं म्हणजे ठरलं. ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन रोज तासभर बसायचं. प्रकार शृंगारिक. कडक. मोबाइलवर ते गोष्टींचं अ‍ॅप आहे, त्यात 'फक्त प्रौढांसाठी' असा विभाग आहे. अभ्यास म्हणून पाहिला. (बराच वेळ पाहिला.) दर्जा सुमार. नुसती झोंबाझोंबी. पलंग कुठल्या भिंतीला आहे, दार आतून लागतं का, काही म्हणजे काही पत्ता नाही. मी वीस वर्षं घरांच्या किमती ठरवून बँकांना रिपोर्ट देतोय. माझ्या सहीवर लोकांना कर्जं मिळतात. अशा माणसाने या क्षेत्रात पाऊल टाकल्यावर बाकीच्यांनी काय करायचं, ते त्यांनी बघावं.

टोपणनाव घेतलं: वणवा.

गुप्तता सगळ्यात महत्त्वाची. ऑफिसात कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हिला कळायचा प्रश्न नाही. ही बहिणीकडे गेली आहे, थोडे दिवस.

५ फेब्रुवारी, बुधवार

नायकाला मिशी दिली. मला नाही. उंची वाढवली, पोट काढून टाकलं, पेशा पायलट. नायिका गाणं शिकवते. इथपर्यंत झरझर. मग घर आडवं आलं. मला मनाने घर रचता येत नाही. स्वतः जाऊन न पाहिलेल्या घराबद्दल मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही आणि आता या वयात तत्त्वं सोडणार नाही. गिऱ्हाइकांची घरं वापरणं म्हणजे विश्वासघात. शेवटी आपलंच घेतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पायलट लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये का राहतो, असं कुणी विचारलं तर साधी राहणी म्हणून सांगता येईल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिलं प्रकरण अ‍ॅपवर टाकलं. नायिका दारात येते. आमचा पॅसेज इतका चिंचोळा की दोन माणसं एकदम जाऊ शकत नाहीत. शृंगाराला उत्तम. पण नायक बाजूला झाला आणि तिला आधी जाऊ दिलं. संस्कार म्हणतात ते हेच. मग चहा. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तर टपटप ऐकू येऊ नये म्हणून त्याने खाली फडकं ठेवलं. नायिका खुर्चीत बसली. प्रकरण संपलं. वातावरण तापलंय, उद्या गोंधळ उडणार.

स्वतःला चहा केला तो परत दीड कप झाला. ही अर्धाच कप घ्यायची. हाताला वळण पडलंय, दुसरं काही नाही. उरलेला ओतून दिला.

९ फेब्रुवारी, रविवार

वाचक मोजके, पण निवडक. एकाने विचारलंय, भाऊ, सुरू कधी होणार. अशांसाठी मी लिहीत नाही. दुसरी कॉमेंट 'अर्धा कप' नावाच्या व्यक्तीची. म्हणते, नळाखालचं फडकं आवडलं. 'अर्धा कप' हे काय नाव झालं. बाई असणार. कॉफीची शौकीन, शिकलेली, एकटी. फडक्यातली सूचकता एवढ्या मोठ्या जगात एकटीला कळली.

दुपारी ताईचा फोन. तिला फोन केलास का म्हणाली. मी म्हटलं, तिला विश्रांतीची गरज आहे, उगाच त्रास नको. ताई म्हणाली, थोडे दिवस राहायला जाणारी बाई शिलाई मशीन उचलून नेत नाही, आणि वर्ष उलटून गेलं. ताईला आधीपासून सगळ्यात वाईटच दिसतं. फोन ठेवताना जेवलास का म्हणाली. हो म्हटलं. मग आठवलं की जेवायचं राहिलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज बेडरूम. माघार नाही.

(नंतर) बेडरूमपर्यंत पोचलो. पण कपाटामागच्या भिंतीला ओल आहे, ती लपवणं मला जमेना. नायकाने आधी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मग कपाटाचं दार जरा उचलून धरल्याशिवाय लागत नाही, ते तिला करून दाखवलं. त्यात पानभर गेलं. इतक्यात कुकर लावायची वेळ झाली. चुंबन पुढच्या प्रकरणात ढकललं. उत्सुकता ताणणं हेही एक तंत्र आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साइट व्हिजिट. रिकामा फ्लॅट, नवीन रंग. मापं घेऊन झाली तरी निघावंसं वाटेना. संवाद मोठ्याने म्हणून बघितले की जिवंत होतात, असं कुठेसं वाचलंय. म्हणून भिंतीकडे तोंड करून म्हटलं, ये ना, जवळ ये ना. वळलो तर दारात वॉचमन. आवाज घुमतो का ते तपासतोय, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, घुमतो.

घरी आल्यावर बघितलं, आमच्याकडेही घुमतो. मशीन गेल्यापासून कोपरा मोकळा झालाय, त्यामुळे असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अर्धा कपची कॉमेंट. बाई केव्हाची घरात येऊन बसलीये, तिला नायक काही विचारतच नाही का, अशी शंका. मी लिहिलं, धीर धरा, पुढे स्फोटक आहे. तिने लिहिलं, बरं.

त्या 'बरं'मध्ये किती ओढ आहे. हीसुद्धा बरं म्हणायची, पण ते निराळं. त्याचा अर्थ बरं असा नसायचा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हात धरला! नायकाने नायिकेचा, पूर्णपणे, दोन्ही बाजूंनी. तिच्या तर्जनीचं टोक खरखरीत होतं, सुया टोचून टोचून. हे आपोआप लिहिलं गेलं, माझं मलाच नवल वाटलं. गाणं शिकवणाऱ्या बाईला सुया कशाला टोचतील? पण खोडावंसं वाटेना. गाणाऱ्या बायका शिवणकाम करत नाहीत, असं थोडंच आहे.

नंतर दोघं पलंगावर आडवी झाली आणि झोपली. दिवसभराची दमलेली होती. मी तरी काय करणार.

१ मार्च, शनिवार

घात झाला. अ‍ॅपवाल्यांनी माझी कथा 'फक्त प्रौढांसाठी'मधून उचलून 'घरसंसार' विभागात टाकली. सर्व वयोगटांसाठी. कारण दिलंय, लेखनात आक्षेपार्ह काहीही आढळले नाही.

लगेच तक्रार केली. माझं लेखन आक्षेपार्ह आहे, कृपया पुन्हा नीट वाचावे. उत्तरात अभिनंदन आलं.

अर्थात, मोठ्या लेखकांना त्यांच्या काळात कुणी ओळखत नाही.

४ मार्च, मंगळवार

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर दाढीवाला बसतो. डबा खाताना म्हणाला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला रोज एक गोष्ट वाचून दाखवावी लागते. कुणी वणवा म्हणून आहे. मला जोराचा ठसका लागला. त्याने पाठ चोळली. मी म्हटलं, नाव ऐकलं नाही कधी.

मग सहज, अगदी सहज विचारलं, आईला आवडते का. आवडते म्हणाला. ती म्हणते, या पायलटला विमानबिमान काही येत नाही. घरात एकटा पडलाय बिचारा, त्याला कुणीतरी जेवायला वाढायला हवं. आणि त्याचा जीव त्या गाणाऱ्या बाईत नाही, त्याला दुसऱ्याच कुणाची तरी आठवण येते. दाढीवाला हसला. मीही हसलो. म्हाताऱ्या माणसांना शृंगार कळत नाही.

दुपारचा रिपोर्ट मात्र पुरा झाला नाही. खोल्यांची बेरीज जमेना.

९ मार्च, रविवार

निर्णय घेतला. अर्धा कपला भेटायचं. दोन समजूतदार माणसं एकमेकांपासून लांब बसून नुसती कॉमेंटबाजी करतात, याला काही अर्थ नाही. तिला खासगी मेसेज केला. मला आजवर तुमच्याइतकं कुणी ओळखलं नाही, भेटू या का. विमानाच्या वेळा सांभाळून यावं लागेल, असंही घातलं. सुरुवातीला थोडं खोटं चालतं.

नवीन शर्ट आणला. आरशात बराच तरुण दिसतो. हिला काय सांगायचं, ते नंतर बघू.

ताईचा फोन आला. उचलला नाही. आवाजावरून तिला सगळं कळतं.

११ मार्च, मंगळवार. सकाळ

उत्तर आलं. लांबलचक. बस सोडून दिली आणि स्टॉपवरच वाचलं.

ती म्हणते, शर्टबिर्ट आणला असशील तर घडी मोडू नकोस, दुकानदार परत घेईल. नळ मी असल्यापासून गळतोय, अजून फडकंच ठेवतोस का. प्लंबरचा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, दार उचलून धर म्हणजे उघडेल.

आधी वाटलं, काय ही कल्पनाशक्ती. नंबराबद्दल तर मी कथेत अवाक्षर लिहिलेलं नाही. शर्टाबद्दलही नाही.

मग बाकावर बसलो.

पुढे लिहिलंय, मशीनचं काम आटोपलं की बहिणीकडे बसून ती गोष्टी वाचते. माझ्या कथेतला पॅसेज आला आणि तिने घर ओळखलं. रागावलेली नाही. रागवावं असं त्यात काही नाहीच, म्हणते. (हे ती उगाच लिहून गेली.) वाचत राहिली ती एवढ्यासाठी की घरात नाही तर नाही, निदान गोष्टीत तरी तो माणूस बाईला विचारेल, गप्प का बसलीस. वाट बघितली. त्याने चारी भिंती सांगितल्या, ओल सांगितली, दार लावून दाखवलं. तिला काही विचारलं नाही.

ऑफिसला गेलो नाही. फोन करून सांगितलं, बरं वाटत नाही. हे खरंच होतं.

१२ मार्च, बुधवार

आजही रजा. दार उचलून धरलं. नंबर होता. तिच्या अक्षरात.

प्लंबर आला. वॉशर बदलला, चहा उकळायच्या आत काम झालं. किती दिवस गळत होता म्हणाला. थोडे दिवस म्हटलं. त्याने सिंकमधला डाग बघितला आणि पाना पिशवीत टाकला.

तो गेल्यावर तिला मेसेज लिहायला बसलो. अख्खी दुपार गेली. मनात खूप होतं. मशीनचा कोपरा तसाच मोकळा ठेवलाय, तिथे मी काही ठेवत नाही. संध्याकाळी दिवा लावायला हात जात नाही. कथेतली बाई गाणारी नव्हती, हेही सांगायचं होतं. शेवटी नेमकं आणि मुद्द्याचं लिहिलं आणि पाठवलं. नळ दुरुस्त केला. वॉशर गेला होता. जुना रबरी होता, नवीनही रबरीच बसवून घेतला आहे.

पाठवल्यावर लक्षात आलं की ती कशी आहे, ते विचारायचं राहिलं. आता लगेच दुसरा मेसेज करणं बरं दिसत नाही. घाई केल्यासारखं होतं. पुढच्या आठवड्यात विचारू.

१५ मार्च, शनिवार

उत्तर आलं. बरं.

कथा अ‍ॅपवरून काढून टाकली. दाढीवाला काल म्हणत होता, आई विचारते, पायलटचं पुढे काय झालं. मी म्हटलं, मला काय माहीत.

नळ अजिबात गळत नाही. काम चांगलं केलंय. घरात आता कसलाच आवाज येत नाही. इतके दिवस त्या टपटपीची सोबत होती, हे फडकं उचलल्यावर कळलं.

चहा केला. दीड कप झाला.