नाकातली गुलाबी खोली

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे, खराखुरा घालायला वाकले तर कंबर तिथेच मुक्काम ठोकते.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही "ठणठणीत" एवढंच सांगणार. माझी विचाराल तर आता बरी आहे. हे "आता" कुठून आलं, तेच सांगायला बसले आहे.

तुम्ही काम सोडल्यापासून कारखाना परवापरवापर्यंत होता तसाच होता. दुपारी मागच्या खिडकीतून ऊन आत येतं, मी लाकूड घासत असते, आणि भुकटी त्या उन्हात अशी काही तरंगते की हात चालू राहतात आणि मी मात्र कुठल्या कुठे निघून जाते. (मध्ये अशीच गेले, परत आले तेव्हा खुर्चीचा एक पाय पळीच्या दांड्याएवढा उरला होता. मालक आधी पायाकडे, मग माझ्याकडे, मग छताकडे बघत राहिले.) ती भुकटी नाकात जाते हे दिसत होतं, पण नाक आपलं, लाकूड आपलं, तक्रार कुणाकडे करायची?

मग डावी नाकपुडी जी बंद झाली ती उघडेचना. सर्दी समजून वाफ घेतली. (घेता घेता डोळा लागला आणि वेणीचा शेंडा भांड्यात शिजला.) एके दिवशी घासत असताना टेबलावर लाल ठिपका पडला. पॉलिश सांडलं म्हणून मी पुसू लागले, तर पुसावं तसे ठिपके वाढत गेले. शेवटी शेजारचा दाढीवाला सुतार ओरडला, "अहो बाई, टेबल काय पुसताय? नाक पुसा!"

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक नळी सरकवली आणि आतलं सगळं समोरच्या पडद्यावर दाखवलं. मामा, आत गुलाबी खोली आहे! ओलसर, उबदार, वळणावळणाची. मला वाटलं, इथे एक स्टूल टाकून निवांत बसावं. खिडकी कुठे काढता येईल ते मी बघत होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ही गाठ दिसतेय का?" लाकडाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलं की नाकाचा कॅन्सर होऊ शकतो, क्वचित होतो, पण होतो, काम सोडून कितीतरी वर्षं लोटल्यावरसुद्धा. त्यांनी तुकडा तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत मी अगदी मजेत होते. (भाजीत दोनदा मीठ घातलं, उरलेलं चहात.)

गाठ साधी निघाली. काढून टाकली. मालकही हादरले असावेत. आता धूळ ओढून घेणारं मशीन आलं आहे, झाडूने किंवा हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवणं बंद, आणि सगळ्यांना मास्क. दाढीवर मास्क घट्ट बसेना म्हणून दाढीवाल्याला दाढी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी तो आला, तर नवे साहेब तपासणीला आले समजून आम्ही त्याला उठून खुर्ची दिली, आणि त्यानेही चहा संपेपर्यंत काही सांगितलं नाही.

मामीला नमस्कार, आणि तुम्हाला पुन्हा एकदा, मनातून.

तुमची भाची

ता. क. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कोण हे काम करायचं? मी म्हटलं, माझे मामा, त्यांनीच मला शिकवलं. त्यांचंही एका बाजूचं नाक बंद असतं, आणि ते त्याला उष्णता म्हणतात. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "घेऊन या त्यांना." सोमवारचा नंबर लावला आहे.

आणखी एक ता. क. वर "मजेत होते" लिहिलंय ते साफ खोटं. इतकी भ्याले होते की झोपेतसुद्धा स्वप्न पडेना. तुमच्या उशीच्या अभ्र्यावरच्या रक्ताचं मामीने मला फोनवर सांगितलं आहे. तिच्यावर चिडू नका. चिडायचंच असेल तर गाडीत बसून चिडा. हे पत्र ती स्वतः तुमच्या हातात देईल आणि वाचून होईपर्यंत चपला घालून, पिशवी भरून दारात उभी राहील. आता मान वर करून बघा.