पडवीच्या जाळीआतलं पिंप

दादा,

सोनी तापात आता कुणाला ओळखत नाही. मी आणि वहिनी तिला जीपने जव्हारच्या दवाखान्यात नेतोय. तडक तिकडेच ये.

आई विहिरीवर गेलीय. जाता जाता तिला सांग, पडवीतल्या पिंपाचं पाणी धोतरातून गाळून घे आणि पिंप उन्हात पालथं घाल. आज त्यात डासांच्या अळ्या दिसल्या. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि पिंप महिनाभर रिकामं झालेलं नाही. डास येऊ नयेत म्हणून मी पडवीला लावलेल्या जाळीचं एकेक भोक शिवत बसले. डास आतच होत होते.

"जाळीत कोंबड्या कोंडतात, जयू," तू म्हणाला होतास. तरी तुझ्या लेकीला मीच तिथे झोपवलं.

वहिनीला हे सांगितलेलं नाही. ती मलाच विचारतेय, "तू शिकलेली आहेस ना गं, सांग, वाचेल ना माझी पोर?"

जयवंती