सात नंबरचा बिल्ला

माय, मध्यंतरी धरणावरून फोन आला. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन बोलत होता. म्हणजे आताचा चेअरमन. तू होतीस तेव्हा त्याचा काका त्या खुर्चीवर होता आणि हा नुसता पुतण्या होता, शर्यतीत कायम माझ्या मागेपुढे असणारा. आता त्याचं पोट सुटलंय आणि बोलण्यात पुढारीपण आलंय. दोन पावसाळे बरे झाले, धरण भरलं, म्हणून शिडाच्या जुन्या होड्या त्याने गोदामातून काढून रंगवून घेतल्यात आणि शर्यती पुन्हा सुरू करायच्या म्हणतो. "ताई, नियम तूच लिही. लई वर्सं झाली, पर तुला समदे पाठ असत्याल," म्हणाला. मी केजच्या शाळेत पी.टी. शिकवते, कबड्डीच्या रेषा आखते, शिडाची दोरी हातात धरून वीसहून जास्त वर्षं झाली. तरी हो म्हणून बसले. नाही म्हणायला मला कधीच वेळेवर जमलं नाही, हे तुला माहीतच आहे.

त्या रविवारी वही घेऊन बसले तर पहिले तीन नियम भराभर उतरले. सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी एक टोला आणि झेंडा वर, चार मिनिटं राहिली की दुसरा टोला, एक मिनिट राहिलं की तिसरा, आणि चौथ्याला सुटायचं; त्या टोल्याआधी रेषा ओलांडली तर मागे येऊन पुन्हा सुटायचं. दोन होड्या समोरासमोर आल्या तर जिच्या उजव्या अंगाला वारा लागतो तिचा हक्क, दुसरीने वाट द्यायची. वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या ड्रमला होडी लागली तर कुणी बघितलेलं असो वा नसो, आपली आपण एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मगच पुढे जायचं. हे सगळं साहेबांनी शिकवलेलं. नौदलातून निवृत्त होऊन तेलगावकडे शेतात घर बांधून राहिलेला तो माणूस पाच जुन्या होड्या कुठून तरी मिळवून ट्रकवर घालून घेऊन आला, तेव्हा सोसायटीतल्या कोळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. मासे न धरता नुसतं पाण्यावर फिरायचं आणि वर त्याला नियम! साहेबांचा भोंगा महिन्याभरात बिघडला, त्याचा गॅस बीडलाही मिळेना, मग सोसायटीचं कॅन्टीन चालवणारी तू, तिथली पितळी परात आणि उलथनं पुढे केलंस. तेव्हापासून आमच्या शर्यती परातीच्या टोल्यावर सुटायच्या. मुंबईचे कोणी पाहुणे आले की साहेब जरा ओशाळायचे, तू नाहीस.

चौथ्या नियमापाशी माझं पेन थांबलं ते अजून थांबलेलंच आहे. कारण चौथा नियम साहेबांचा नव्हता, तुझा होता. तुला आठवतं ना, एकदा शर्यत संपली आणि एक मुलगा मोजणीत कमी भरला? त्याची होडी काठाला होती, तो नव्हता. पोहायला उतरला असेल, बुडाला असेल, म्हणून सोसायटीची सगळी माणसं दुपारभर जाळी टाकून पाणी ढवळत बसली. त्याची आई काठावर ऊर बडवत होती आणि तू चूल विझवून तिच्याशेजारी बसून होतीस, तिचा दंड धरून. संध्याकाळी पोरगा जीपमधून उतरला. तेलगावला कटिंग करायला गेला होता, मानेला पावडर तशीच. तू त्याला आधी तांब्याभर पाणी दिलंस, त्याने पाणी पिऊन होईपर्यंत थांबलीस आणि मग अशी एक ठेवून दिलीस की पावडर उडाली. आम्ही हसलो. तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू चेअरमनकडून बंद पडलेल्या चारा छावणीतले पत्र्याचे बिल्ले मागून आणलेस, जनावरांच्या गळ्यात बांधायचे, नंबर ठोकलेले. एका फळीवर खिळे मारलेस. पाण्यात जाताना आपला बिल्ला खिळ्यावरून काढून घ्यायचा, बाहेर आल्यावर आपल्या हाताने परत टांगायचा. खिळा रिकामा असेल तर माणूस पाण्यात आहे असं धरायचं. आणि शेवटची होडी लागल्यावर दहा मिनिटांत ज्याचा बिल्ला आला नाही, त्याची शर्यत बाद, मग तो पहिला का आलेला असेना. पोरं चिडवायची, "काय गं, आज दावनीला बांधलं न्हाई का तुला?" तुला अक्षर वाचता येत नव्हतं, पण एकपासून वीसपर्यंतचे आकडे येत होते. तेवढ्यावर तू साहेबांच्या बरोबरीची अधिकारी झालीस. माझा आकडा सात.

मग तो दुष्काळ आला. पाणी रोज थोडं मागे सरकायचं आणि त्याच्यामागे आपलं कॅन्टीनही. आधी डोक्यावरून, मग बैलगाडीत घालून, पत्रे, स्टोव्ह, परात आणि ती खिळ्यांची फळी घेऊन आपण पाण्यामागे चालायचो. भेगाळलेल्या गाळातून चालताना पायाखाली शिंपले मोडायचे. बुडीत गेलेलं आपलं जुनं गाव वर आलं. तू मला हात करून दाखवलंस, इथे चावडी, इथे आपलं दार, इथे मी तुला न्हाऊ घालायची. मला नुसते दगड दिसले. मासे संपले तसे दादा, माझे वडील, त्या साली टोळीबरोबर ऊसतोडीला गेले आणि घरात तू आणि मी दोघीच उरलो. सोसायटीने पगार थांबवले, पण कॅन्टीन चालू ठेवलं. चेअरमनची मेहरबानी होती ती, असं लोक म्हणायचे.

त्या हंगामाची शेवटची शर्यत तेवढ्याशा पाण्यात झाली. हंगामात पहिला येईल त्याला साहेब मुंबईला सरावाला पाठवणार होते, वर्षभर, खाणंपिणं राहणं फुकट, आणि पुढे खेळाडूंच्या जागेवर नोकरीही लागेल असं सांगत होते. मी आणि पुतण्या बरोबरीत होतो, म्हणून सगळं त्या एका शर्यतीवर आलं होतं. आपल्या वस्तीतली मुलगी मुंबईला समुद्रावर जाणार, ही गोष्ट लोकांनी होण्याआधीच वाटून खाल्ली होती. तुझी टोपलीभर भजी त्या दिवशी अकरालाच संपली. दुसऱ्या ड्रमला वळताना माझ्या शिडाचा दांडा ड्रमला घासला की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. तरी मी गिरकी घेतली. पुतण्या पुढे निघून गेला. मी मनात म्हटलं, संपलं. पण पुढे जुन्या चावडीची भिंत पाण्याखाली हातभरच होती, त्याच्या होडीची तळाखाली सोडलेली मधली फळी तिच्यात रुतली, आणि तो ती उपसत असताना मी बाजूने निघून गेले. पहिली आले. काठावर ओरडा झाला.

पुढचं सगळं तू पाहिलंस आणि मीही, पण आपण दोघींनी एकच पाहिलं का, हा माझा घोळ आहे. आम्ही होड्या ओढून गाळावर घेतल्या. पत्र्याखाली आलो. तू मला चहा दिलास. साहेब परातीशेजारी उभे राहून घड्याळ बघत होते, दहा मिनिटं झाली तसे त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बिल्ले आले सगळे?" तू फळीकडे बघितलंस. म्हणालीस, "सात न्हाई."

साहेब हसले. "अहो, ही काय तुमची सात नंबर. चहा पितीय."

"ती हाय. बिल्ला न्हाई."

काका चेअरमन खुर्चीतून उठले. "हातच्या कांकनाला आरसा कशाला, बाई? पोरगी समोर उभी हाय की. द्या टांगून आन मोकळ्या व्हा. तुमचीच तर हाय."

"माझी हाय म्हनूनच सांगते," तू म्हणालीस. "त्या दिशी त्या पोराची होडीबी काठालाच होती. म्हनून काय त्याच्या मायचा जीव ऱ्हायला का जाग्यावर? आज माझीला सोडलं तर उद्या कुनाच्या तोंडानं अडवू?"

साहेबांनी वहीत माझ्या नावापुढे रेघ मारली. जग आपला तो बाब्या म्हणतं, आणि तू भर माणसांत आपल्या बाब्याला कार्टं ठरवून मोकळी झालीस. मी रडले. बायांनी मला जवळ घेतलं, तुला नावं ठेवली. पुतण्या मुंबईला गेला आणि तीन आठवड्यांत परत आला. समुद्राची लाट त्याच्या पोटाला मानवली नाही. माझी जागा त्याने ओकून घालवली, असं मी कितीतरी वर्षं सांगत आले. लोक हसतात.

पंधरा दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मग एक दिवस तू भाकरी थापत होतीस आणि मी विचारलं, का गं तू नाही म्हणालीस? परातीवरचा हात न थांबवता तू म्हणालीस, "खिळ्यावर न्हवता." मी म्हटलं, तेवढंच? तू भाकरी तव्यावर टाकलीस. "आनखी काय पायजे तुला? काहून विचारतीस?" आणि मग माझ्याकडे वळून जरा वेळ बघत राहिलीस, जणू मीच काही सांगणार आहे. मी उठून गेले. त्यानंतर आपण हा विषय काढला नाही. पुढे माझं लग्न झालं, मी केजला आले, सणासुदीला यायची आणि दोन दिवसांत निघायची. तू आजारी पडलीस तेव्हाही औषधं, पथ्य, पाऊस, एवढंच बोललो. तू गेलीस.

इतकी वर्षं मी याची उत्तरं शोधते आणि एक धरलं की दुसरं हातातून सुटतं. कधी वाटतं, तू सरळ माणूस होतीस, नियम म्हणजे नियम, बस. मग आठवतं की सोसायटीत एरवी तू दहा पोरांना उधारीचा चहा पाजून विसरून जायचीस. कधी वाटतं, काका चेअरमनने आधीच तुला काही सुचवलं असेल, कॅन्टीन त्याच्या हातात होतं. पण तोच तर म्हणत होता, टांगून टाका. की लोकांसमोर तसं म्हणणं त्याला सोपं होतं? कधी वाटतं, दादा उसाला गेलेले, मीही गेले असते तर त्या रिकाम्या घरात तू एकटी काय करणार होतीस, म्हणून तू मला अडवलंस. या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग यायचा आणि याच उत्तराने मला सगळ्यात जास्त बरंही वाटायचं. आताचा चेअरमन, तो पुतण्या, म्हणतो, "चौथ्या नियमातलं बाद करायचं तेवढं काढून टाक, पोरं नाराज व्हत्यात." काढू का? ठेवू का? शाळेत मी पोरींना दमात घेते, नियम म्हणजे नियम सांगते, आणि सांगताना माझाच विश्वास बसत नाही.

तीन रविवार झाले. हे पत्र नियमांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, तुला वाचता येणार नव्हतं तरी लिहिते आहे, आणि लिहून झालं की ही पानं फाडून वही तेवढी धरणावर पाठवीन. नियम जसा आहे तसाच लिहीन, बाद धरून. का ते चेअरमनला सांगणार नाही. पण तुला एक सांगायचं राहिलंय.

मी बिल्ला विसरले नव्हते. होडी गाळावर ओढताना तो खिशात मांडीला टोचत होता. फळी दहा पावलांवर होती आणि मी तिच्याकडे चाललेही होते. मग कुणीतरी ओरडलं, मुंबईला गेल्यावर आम्हाला विसरू नको गं, तसे माझे पाय वळले आणि मी तुझ्यासमोर येऊन उभी राहिले. मला जायचं नव्हतं, माय. मला भीती वाटत होती, आणि एवढ्या लोकांनी एवढं ठरवल्यावर ते सांगायची सोय नव्हती. तू चहा पुढे केलास तो मी डाव्या हाताने घेतला, कारण उजवा खिशात होता, बिल्ल्यावर घट्ट. डाव्या हाताने पाणी जरी घेतलं तरी तू वसकन अंगावर यायचीस. त्या दिवशी तू माझ्या खिशाकडे बघितलंस, ग्लास माझ्या हातात सोडलास आणि काही म्हणाली नाहीस. मग साहेबांनी विचारलं. तू "सात न्हाई" म्हणालीस तेव्हा मी जी रडले, ती सुटले म्हणून रडले. बायांनी तुला माझ्यादेखत बोल लावले, तू ते खाली मान घालून ऐकलेस, आणि मी त्यांना ऐकवू दिलं.