पितरपाठात गेलेली सीट

२३ सप्टेंबर, मंगळवार. रेणापूर
काल घट बसले, आज दुसरी यादी लागली. माझं नाव नाही. नेट कॅफेवाल्यानं तीनदा यादी खालीवर केली, मग म्हणाला, "पहिल्या यादीत लागून हजर झाला न्हाईत ना? मग बाद. सूचनेत खाली लिहिलेलं हाय की."
पहिल्या यादीत नांदेडचं फिजिओथेरपीचं कॉलेज लागलं होतं. साडेचार वर्षांची डिग्री, मुलगी म्हणून फी माफ. हजर व्हायला पाच दिवस दिले होते, पाचही पितरपाठातले. पप्पा म्हणाले होते, पितरपाठात नवं काम करत नसतात, घट बसले की जाऊ, दुसऱ्या यादीत परत लागतंयच.
पप्पा मार्केट यार्डात मापाडी आहेत. दिवसभर दुसऱ्यांचं सोयाबीन मोजून संध्याकाळी आले, तेव्हा सांगितलं. हातपाय न धुता उंबऱ्यावरच बसले. मम्मीनं बोलायला सुरुवात केली ती शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत. मी भाकऱ्या टोपल्यात रचत गेले.

२८ सप्टेंबर, रविवार
काल लातूरला बी.एस्सी.ला नाव घातलं, घरी बसून राहायला नको म्हणून. फी किरकोळ. पुढं काय, विचारू नये.
येताना क्लासच्या गल्लीतून आले. तिथं दोन वर्षं नीटची तयारी केली, दोनदा पेपर दिला, दोनदा एम.बी.बी.एस. हुकलं. झेरॉक्सवाल्या काकांनी ओळखलं. "यंदा परत का?" म्हणाले. न्हाई म्हटलं. सुटे पैसे द्यायला लई वेळ लावला त्यांनी.

७ ऑक्टोबर, मंगळवार
पप्पा कुणाला न सांगता नांदेडला जाऊन आले. त्याच कॉलेजात संस्था कोट्यातली एक सीट रिकामी आहे. तेच कॉलेज, तेच सर, बाकसुद्धा बहुतेक तोच. फक्त कोट्याला फीमाफी नाही. होस्टेल धरून साडेनऊ लाख.
बँक शिक्षणकर्ज देते म्हणाले. खिशातून कागद काढला, त्यावर त्यांच्या अक्षरात सगळं लिहिलेलं: शिकताना हप्ता नाही, शिकून झाल्यावर एक वर्ष थांबतात, मग चालू. कर्ज माझ्या नावावर. माझ्या नावावर आजपर्यंत आधार कार्ड आणि एक सिमकार्ड.
मम्मी म्हणाली, साडेनऊ लाखात लग्न होतंय. पप्पा म्हणाले, "लग्नाला कर्ज काढलं तर चालतंय व्हय?" त्यावर ती उठून चुलीकडं गेली. पप्पा असं उलटून बोलत नसतात. पितरपाठाचं मनाला लावून घेतलंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
नांदेडला बँकेत गेलो, कॉलेजजवळच्या शाखेत. रक्कम मोठी, म्हणून जमीन तारण लागणार. साडेतीन एकर आहे. सातबारावर नावं दोन, पप्पांचं आणि निर्मल आत्याचं. आजोबा गेल्यावर दोघांची लागली, आत्याचं काढायचं राहून गेलं. साहेब म्हणाले, जितकी नावं तितक्या सह्या.
परत येताना पप्पा रेणापूरला तहसीलसमोरच्या बाँड रायटरकडे थांबले. त्यानं चष्मा न काढता सांगितलं, बहिणीकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे सातबारावर एकटे तुम्ही आणि सही पण एकट्याची. बहिणी देतातच. भाऊबीज आलीय, साडी जरा बरी घ्या.
पप्पांनी साडी बरी घेतली. जांभळी, मोठ्या काठाची. एवढी महाग साडी मम्मीला कधी घेतलेली मला आठवत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
आत्या नांदेडहून सकाळच्या गाडीनं आली. ती तिथं मुलींच्या होस्टेलसाठी मेस चालवते, पन्नास-साठ डबे. तिचा नवरा, आमचे मामा, वारल्यापासून एकटीच. बोलते कमी, पण बोलली की समोरचा हलत नाही.
ओवाळून झालं. पप्पांनी ताटात साडी ठेवली आणि साडीच्या घडीत कागद. आत्यानं साडी उचलली, कागद वाचला. सगळा वाचला, मागची बाजूही. मग म्हणाली, "दादा, ओवाळणी घालायलास का मागायलास?"
पप्पांनी खाली बघून सगळं सांगितलं. पितरपाठ, यादी, कोटा, बँक. मी चूक केली, म्हणाले. चारदा तरी म्हणाले.
आत्यानं साडी पिशवीत घातली. कागद ताटातच ठेवला, त्यावर कुंकवाचा करंडा ठेवला, उडू नये म्हणून. जाताना मला म्हणाली, "नांदेडला ये आठ दिवस. काय घ्यायलीस ते बघ तरी, मग कर्ज काढ."
मम्मी रात्री म्हणाली, साडी बरी घेऊन गेली. पप्पांनी तिला बोलू दिलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
हे इथं लिहिते. इथं तरी.
सूचनेतलं खालचं वाक्य मी वाचलं होतं. सप्टेंबरमध्येच, पहिली यादी लागली त्या दिवशी. पहिल्या यादीत लागून गेलं नाही तर पुढच्या फेरीत नाव नाही. मोबाईलवर वाचलं, मोठं करून वाचलं. पप्पा म्हणाले घट बसल्यावर जाऊ, तेव्हा मला बरं वाटलं. फिजिओथेरपी नको होती. सीट गेली असती तर मी म्हटलं असतं, आता एकदा नीट परत देते, शेवटचं. नव्वद गुण वाढले असते तर एम.बी.बी.एस. झालंच असतं, असं माझं चाललं होतं.
सीट गेली. मग परत नीट देते म्हणायचं तोंड राहिलं नाही, कारण पप्पा उंबऱ्यावर तसे बसले.
आता सगळे सोयरे पप्पांना हसतात. शिकलेल्या पोरीचं पितरपाठानं वाटोळं केलं म्हणतात. मी ऐकते आणि चहा देते.

११ नोव्हेंबर, मंगळवार. नांदेड
आत्याकडे आले. पहाटेपासून कांदा, कणीक, डब्यांची झाकणं. कामाला लावलं लगेच, पाहुणी म्हणून एक दिवससुद्धा गेला नाही. बरं वाटलं खरं तर.
डबा न्यायला मुली स्वतः येतात. त्यात एक शीतल ताई, सव्वीस-सत्तावीसची. त्याच कॉलेजातून फिजिओथेरपी झालेली, दोन वर्षं झाली नोकरीला. आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ. डिग्री झाली, नावापुढं डॉक्टर लागलं, डबा अजून माझाच." शीतल ताई हसली. तिला राग आला नाही, म्हणजे हे रोजचंच असणार.
पगार विचारला. पंधरा. हप्ता विचारला. तेरा.
उरलेल्या दोन हजारात आत्याचा डबाही बसत नाही. मग राहतेस कशी, विचारलं. संध्याकाळी लोकांच्या घरी जाऊन पेशंट करते म्हणाली, त्यावर चालतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शीतल ताईबरोबर तिच्या दवाखान्यात गेले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले, चार तास.
एक आजोबा होते, मुखेडकडचे. अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झालेले. शीतल ताईनं टेबलावर तुरीचे दाणे पसरले आणि एकेक उचलून वाटीत टाका म्हणाली. घाम आला त्यांना. एक दाणा उचलायचे, तो सटकायचा. ती मोबाईल बघत नव्हती, घाई करत नव्हती, उचलूही लागत नव्हती. अकराव्या का बाराव्या वेळी दाणा वाटीत पडला. आजोबांनी वाटीत वाकून बघितलं, खरंच आहे का म्हणून. मग बायकोकडं बघितलं. बायको पदर तोंडाला लावून बाहेर गेली.
मला हे काम पाहिजे. तारीख घालून लिहून ठेवते, म्हणजे पुढं नाकारता येणार नाही. एम.बी.बी.एस. मला लोकांनी विचारल्यावर सांगायला पाहिजे होतं. हे मला पाहिजे.
आणि हे फुकट मिळत होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
शीतल ताईला सरळ विचारलं, परत कर्ज काढशील का. तिनं पटकन उत्तर दिलं नाही. म्हणाली, "महिन्याच्या पाच तारखेला, हप्ता कापतो तवा विचारलंस तर न्हाई म्हणीन. दवाखान्यात विचारलंस तर हाव म्हणीन."
आज सोळा तारीख आणि आम्ही मेसच्या ओट्यावर. तेव्हा नक्की काय ते कळलं नाही.
आत्याला म्हटलं, तूच सांग. ती लसूण सोलत होती. म्हणाली, शिकायचंय का असं मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मला सांगता येत न्हाई. मग अर्धा लसूण माझ्याकडं सरकवला.

५ डिसेंबर, शुक्रवार. रेणापूर
आत्याचा पप्पांना फोन. हक्कसोड करणार नाही. नाव सातबारावर राहील. पण कर्जाला जामीनदार म्हणून सही देते, तिचा वाटाही तारण राहू दे. येळवसच्या अमावस्येला शेतात पूजेला येते, कागद तयार ठेव.
पप्पा फोन ठेवून बराच वेळ मोटारसायकल पुसत बसले. मला म्हणाले, "बहीण लई मोठ्या मनाची हाय माझी. मीच हलकं काम केलं." परत स्वतःलाच दोष. ऐकवत नाही आता.
कोट्याची मुदत वीस डिसेंबर, दुपारी दोन.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस
सकाळी सगळे शेतात. पप्पांनी कडब्याची झोपडीसारखी कोप केली होती, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा. नैवेद्याला भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. 'ओलगे ओलगे' म्हणत पप्पा पिकात आंबील शिंपडून आले. हरभरा यंदा चांगला आहे.
आत्यानं जांभळी साडी नेसली होती. जेवणाआधी कोपीतच बसली, मांडीवर परात पालथी घालून तिच्यावर कागद ठेवले आणि आठ ठिकाणी सही केली. सावकाश, पूर्ण नाव. मग पेनाचं टोपण लावून पेन मला दिला. "माझं झालं. आता तुझी सही राहिली, कर्जदाराची."
तेवढ्यात बँकेतून फोन. उद्या शनिवार, साहेबांना गर्दी नको, फाईल आजच चारपर्यंत आणता का. पप्पा ताटावरून उठले. "चल, निघू."
मम्मी म्हणाली, येळवस टाकून? आजच्या दिवशी शिवार सोडून कुणी जातंय का? पप्पा म्हणाले, "एकदा थांबलो, पोरीची सीट गेली. आता देव आला तरी थांबत न्हाई."
आमच्याकडं येळवस टाकून कुणी बँकेत गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पप्पा तर नाहीच. बूट घालायला लागले. एका पायात घातला होता.
मी म्हटलं, "पप्पा, मला म्हाईत होतं. पितरपाठात. सूचना मी वाचली होती. मला फिजिओ नको होतं, म्हणून मी बोलले न्हाई."
मम्मीच्या हातात आंबिलीचा तांब्या तसाच राहिला. आत्या माझ्याकडं बघत नव्हती, पप्पांकडं बघत होती.
पप्पांनी घातलेला बूट काढला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "तीन महिने मी यार्डात मान वर केली न्हाई, कोमल."
मी रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात.
नंतर त्यांनी बँकेला फोन करून उद्या येतो सांगितलं, परत ताटावर बसले आणि राहिलेलं जेवले. हात धुताना, माझ्याकडं पाठ करून: "तवा नको होतं. आता पाहिजे का न्हाई, तेवढं खरं सांग. मी चुकलो म्हणून कर्ज काढू नको."
मी म्हटलं, सकाळी सांगते.
आत्या संध्याकाळी मुक्कामाला थांबली. सही मागं घेतली नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही.

२० डिसेंबर, शनिवार. सकाळी साडेपाच
झोप थोडी लागली. तेरा नोव्हेंबरचं पान काढून वाचलं. मग सोळाचंही वाचलं. पंधरा पगार, तेरा हप्ता, आत्याचा वाटा, तुरीचा दाणा. एकही गोष्ट रात्रीतून बदललेली नाही. बदललं एवढंच, की आता पप्पांची चूक फेडायला म्हणून सही करता येणार नाही. करायची तर माझी म्हणून करायची.
फाईल आत्यानं माझ्या उशाशी ठेवली होती. आठ पानांवर तिचं नाव, त्याच्या वर माझी रिकामी जागा.
नांदेडला दोनच्या आत पोचायचं तर लातूरहून साडेसातची गाडी धरावी लागते. पप्पा उठलेत. बंब पेटवला. काल विचारलं ते परत विचारलं नाही, पण बंबात पाणी दोघांच्या अंघोळीचं टाकलंय. बाहेर मोटारसायकल पुसायलेत.
पाणी तापलं की हाक मारतील.