नाक्यावर विणलेला मोजा

ब्रह्मपुरी
१६ डिसेंबर १९९७

ती. बाईस,

धाकट्या भावाचा, भैयाजीचा, मनापासून नमस्कार. (पाया पडलो असं समज, हातात लोकर आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठीक, धानाची मळणी आटोपली आणि मी, बाई, मोजा विणला! हसून झालं असेल तर पुढे वाच.

तुझ्याकडून मोज्याचा नमुना मागवला, तो तुझ्या भावजयीला हवा असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. मागच्या महिन्यात आरमोरीच्या महिला मेळाव्यात माझं भाषण होतं : घरकामात बाईचं आणि गड्याचं असं काही नसतं. तासाभरात जगाच्या इतिहासातले सगळे दाखले देऊन झाले, टाळ्या पडल्या, आणि पहिल्या रांगेतली बायनाबाई (अर्ध्या गावाचे स्वेटर हीच विणते) बसल्या जागेवरून म्हणाली, "भाऊ, बोलाले का जाते? तुले टाका तरी घालता येते का?" सभा हसली. तुझ्या भावाने मंत्र्यांना खडे बोल सुनावले आहेत (ते हजर नव्हते, हा भाग वेगळा), पण इथे जीभ घसरली. मला न विचारता त्या जिभेने परस्पर जाहीर केलं, की पुढच्या मेळाव्यात, म्हणजे या रविवारी, मी स्वतः विणलेले मोजे घालून याच मंचावर उभा राहीन. नाही जमलं तर या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. बाई, तोंड न उघडता मी जगू कसा?

नवी लोकर आणायची नाही हे ठरलेलं. जग उरल्यासुरल्यावरच उभं आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या रंजीताच्या शाळेच्या स्वेटरची किरमिजी, बाबांच्या मफलरची करडी, शेजारच्या नसीमभाभींकडची लाल आणि पोपटी, सगळे लिंबाएवढे गोळे. पहिले चार दिवस मी सुयांशी भांडलो. पाचव्या दिवशी लालच्या नागमोडीतून पोपटी वर आलं आणि मी एवढ्याने ओरडलो की तुझी भावजय विंचू चावला समजून चप्पल घेऊन धावत आली. आजवर शेकडो सभा जिंकल्या, पण असा रंग कधी चढला नव्हता.

एक मोजा पूर्ण झाला. दुसरा सुयांवर असताना शनिवारी आलापल्लीला व्याख्यान होतं. यष्टीत विणत बसलो. जंगलातल्या नाक्यावर पोलिसांनी नक्षल तपासणीला सगळ्यांना उतरवलं. माझ्या पिशवीत निघालं काय, तर दोन्ही टोकांना अणकुचीदार चार पोलादी सुया, क्रांतीच्या इतिहासाचे दोन लाल पुठ्ठ्यांचे खंड, आणि तुझा नमुन्याचा कागद. लाल-काळ्या चौकटी, खाली तुझं अक्षर : "४ सु. २ उ. दहाव्या ओळीनंतर दोन कमी करणे. टाचेशी वळून गुपचूप मागे येणे." (ते 'गुपचूप' तू कशाला घातलंस?) हवालदाराने ते तीनदा वाचलं आणि कोणते दोन कमी करणार आहात, असं विचारलं.

मी म्हणालो, मोजा आहे. तो म्हणाला, मोजे बायका विणतात. झालं! मी रस्त्याकडेच्या दगडावर चढलो. वीस मिनिटं बोललो. माणसं खाली बसली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, एका आजीने शिदोरी सोडली. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, भाषण मस्त झालं. आता विणून दाखवा."

बाई, चाळीस प्रवासी, तीन बंदुका, आणि मी वाळूच्या पोत्यावर बसून सुलट-उलट करतोय. बंदुकांकडे बघता बघता दुसऱ्याच ओळीत टाका सुटला. हवालदार वाकला. "सुटला न. आना इकडं." त्याने सुईच्या टोकाने तो अलगद उचलून दिला. म्हणाला, माही माय विणते. आम्हाला सोडलं, कागद मात्र साहेबांना दाखवायला ठेवून घेतला. गाडी सुटता सुटता खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, आठ नंबर. बुटात पाय लय गारठते. फक्त लाल नोका घालू."

ज्या मुलखात सगळे अंगठ्याच्या चपला घालतात, तिथे मोज्याची खरी गरज असलेला पाय मला सापडला! व्याख्यानाला दोन तास उशीर झाला, तरी असा जोरात बोललो की माईक बंद पडल्याचं कुणाला कळलं नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
भैयाजी

ता. क. : कागद अजून साहेबांकडेच आहे. दुसरी नक्कल पाठव. 'दोन टाके कमी करणे' असं पूर्ण लिही.

आणखी ता. क. : वर 'विणला' लिहिलं, त्यात टाच नसीमभाभींची आहे. मला ती वळेना. हे तुला सांगणार नव्हतो, पण बायनाबाई टाच बघून हात ओळखेल. आणि तिने नाही ओळखला तरी मला ठाऊक आहेच. काल मोजा टाचेपर्यंत उसवला. आज माझ्याकडे दोन रंगीत नळ्या आहेत आणि दिवस उरलेत चार. तेव्हा नक्कल राहू दे, गुरुवारच्या पहिल्या गाडीने तूच ये. समोर बस, सांग, रागाव. सुईला मात्र हात लावू नकोस.

अगदी शेवटचं : टाच नाहीच जमली, तर रविवारी या दोन नळ्या घालून, पंजे उघडे टाकून मंचावर उभा राहीन आणि बायनाबाईला म्हणेन, एवढंच आलं, पुढचं तू शिकव. भाषण पाच मिनिटांचं. (तुझी भावजय म्हणते, मोज्यावर एक वेळ विश्वास बसेल.)