‘बरं चाललंय’ असं मी म्हणाले

प्रिय मास्तरीणबाई,

दोन बसथांबे पलीकडे राहणाऱ्या बाईला कुणी पत्र लिहितं का, असं म्हणून तू हसशील. हस. फोनवर तुझ्याशी बोलायची मला धास्ती बसली आहे, ती का ते पुढे येईलच. आणि समोरासमोर भेटलो तर तू माझा हात हातात घेशील, डोळ्यांत पाणी आणशील, मग मी विरघळेन आणि जे बोलायला आले ते पोटातच राहील. हे लेकीला घेऊन बागेत गेलेत, स्वयंपाकघरातलं टेबल पुसून घेतलंय आणि चहाचा कप शेजारी आहे. आज मला विरघळायचं नाहीये.

परवा कपाट आवरताना तुझा तो राखाडी कोट सापडला. आम्ही इथे उतरलो त्या दिवशी तू तो अंगातून काढून माझ्या लेकीला गुंडाळला होतास आणि स्वतः कुडकुडत उभी राहिली होतीस. कितीतरी वेळ मी तो मांडीवर घेऊन बसले. वाईट माणसाने फसवलं तर किती सोपं असतं गं! शिव्या घालायच्या आणि मोकळं व्हायचं. तुला शिवी द्यायला तोंड उघडलं की छावणीतला तो पडदा आठवतो, तुमच्या आणि आमच्या बिऱ्हाडामधला, ज्याच्या अलीकडून पलीकडे आपण कुजबुजत होतो. छावणीभरच्या पोरांच्या चुका काढत हिंडायचीस म्हणून तू मास्तरीण झालीस. मी त्या तिरसट म्हातारबुवांची मोडकी कवळी सांधून दिली आणि तूच माझं नाव कवळी ठेवलंस. मला ताप भरला होता तेव्हा काकूंनी त्यांच्या वाटणीचं दूध मला पाजलं. आईमाघारी मला आईसारखं कुणी केलं असेल तर तुझ्या आईने. तुझा इकडे यायचा नंबर आधी लागला, तू एकटी निघालीस, तेव्हा काकू रडल्या नाहीत, मीच धाय मोकलून रडले. पुढे तुला इथल्या पुनर्वसन कार्यालयात नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा सगळ्या रांगेला मी सांगत सुटले होते, की आता आपलं माणूस तिकडे बसलंय, आता काळजी नाही.

खरंच नव्हती. आम्ही आलो तेव्हा गादी, शेगडी, लेकीची शाळा सगळं तू लावून दिलंस. कोणती बस कुठे जाते ते शिकवलंस. आणि एके दिवशी मला त्या कॉलेजात घेऊन गेलीस, जिथे दातांच्या कामाचा अभ्यासक्रम चालतो. पास झालं की इथे कवळ्या करायचा परवाना. हातात कसब घेऊन आलेल्यांसाठी तुमच्या कार्यालयाच्या तिथे काही जागा राखलेल्या असतात, हे तूच मला सांगितलंस. दारातून आत शिरताच वितळलेल्या मेणाचा वास आला, तिकडे मी कवळ्या करायचे त्या खोलीचा, आणि मला रडू कोसळलं. तिथल्या दाढीवाल्या सरांनी गंमत म्हणून माझ्यापुढे एक साचा ठेवला. मी मेणात समोरचे दात लावले, एक जरासा तिरका बसवला. सरांनी विचारलं, हा तिरका का? मी म्हणाले, सगळे सरळ लावले की दुकानातून आणल्यासारखे दिसतात, माणसाचे वाटत नाहीत. ते इतके हसले! बाहेर पडल्यावर तू माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालीस, “हे बघ, वर्ग सुरू व्हायला अवकाश आहे. तोवर घरी बसून काय करशील? कुठेतरी चिकट. जागा मी धरून ठेवते. माझ्यावर सोड.”

मी तुझ्यावर सोडलं. तू ‘विहिरीत उडी मार’ म्हणाली असतीस तर मी फक्त पाणी किती आहे एवढंच विचारलं असतं.

तू पाठवलंस तो कपडे धुण्याचा कारखाना तू फक्त दारातून पाहिलायस, म्हणून सांगते. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी ढिगाने येतात. माझं काम गरम रुळांच्या यंत्रावर. एका बाजूने दोघींनी ओली चादर ताणून आत सोडायची, दुसऱ्या बाजूला ती कडक आणि चटका बसेल इतकी गरम बाहेर येते, ती पकडून घडी घालायची. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले, मग ते फुटले, मग कातडी जाड झाली. आमची मुकादमबाई म्हणते की आता तू पक्की झालीस. बोलायला खट्याळ बाई आहे, मनाने वाईट नाही, खालच्या दोन दाढा काढल्यात तिच्या, हसताना गाल आत जातो. पण मास्तरीणबाई, कवळी करणाऱ्याचं सगळं शहाणपण अंगठ्याच्या पेरात असतं. कडेवरून अंगठा फिरवायचा, बारीकसा कंगोरा लागला तरी तो घासून काढायचा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीला जखम होते. एके रात्री घरातली मेणबत्ती घेतली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मला काही लागलं नाही. डोळ्यांना खाच दिसत होती आणि अंगठ्याला कळत नव्हती. त्या रात्री मी पहिल्यांदा घाबरले.

आता त्या फोनबद्दल. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन आला. मी चादरींच्या गाठोड्यावर बसले होते. किती दिवसांनी तुझा आवाज! तू विचारलंस, “काय गं कवळे, कसं चाललंय?” मी म्हणाले, बरं चाललंय. तू विचारलंस, घर चालतंय ना तुमच्या दोघांच्या कमाईवर? मी म्हणाले, चालतंय की. यांचं गोदामातलं काम तेव्हा नुकतंच सुटलं होतं, वाण्याकडे उधारी होती, आणि मी म्हणाले चालतंय की! मग तू हसत हसत म्हणालीस, कुणापुढे हात तर पसरावा लागत नाही ना? मी म्हणाले, छे गं, काहीतरीच काय! फोन ठेवला आणि दिवसभर मला हलकं हलकं वाटलं, की माझी मैत्रीण माझी चौकशी करते.

आपल्यात असंच उत्तर देतात, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? घर जळत असलं तरी दारात आलेल्याला आपण ‘बरं चाललंय’ म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं. छावणीत साहेबलोक विचारायला यायचे तेव्हाही सगळे ‘बरं आहे’ म्हणायचे, आणि तेव्हा तूच त्यांच्यावर ओरडायचीस, की अरे, खरं सांगा, नाहीतर पाण्याचा टँकर यायचा नाही! आपली माणसं कोणत्या प्रश्नाला काय म्हणतात हे कळणारी कार्यालयात तू एकटी. आणि तू मला कार्यालयाच्या चौकशीचे तेच प्रश्न विचारलेस, त्याच क्रमाने, लाडाच्या आवाजात.

वर्ग सुरू झाल्याचं मला बसमधून कळलं. कॉलेजच्या थांब्यावर पांढरे डगले घातलेली पोरं उतरली. तुला फोन केले, तू घेतले नाहीस. मी सरांकडे गेले, तर तेच मला विचारायला लागले, अहो, तुम्ही का नाही आलात? जागा कार्यालयाने दुसऱ्याला दिली. मग मी तुझ्या कार्यालयात आले. तू कुठेतरी बैठकीला गेली होतीस, तुझ्या साहेबांनी मला आत बोलावलं. किती अदबीने बोलले! मला बसायला खुर्ची दिली, भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यावर एक हिरवा खांब उंच उंच गेलेला. ठरलेल्या मुदतीत जे कामाला लागले आणि नंतरच्या चौकशीत ज्यांनी कुणाच्या मदतीची गरज नाही असं सांगितलं, ते सगळे त्या हिरव्या खांबात, म्हणे. ते स्वावलंबी. त्यांना अभ्यासक्रमाची जागा मिळत नाही, ती काम नसलेल्यांसाठी. मी म्हणाले, साहेब, माझी चौकशी झालीच नाही. त्यांना नवल वाटलं. म्हणाले, “असं कसं? तुमच्या मैत्रिणीने स्वतः फोन केला होता. तुम्हीच तर म्हणालात, बरं चाललंय.”

तरी तुझ्या वकिलीला मीच उभी राहिले बघ. म्हणाले, तिला हा जागेचा नियम माहीत नसेल. साहेब म्हणाले, नवीन माणसांना नियम त्याच शिकवतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं तरी कुणाच्या नावाने? घरी येईपर्यंत मी मनात तुझ्यासाठी सबबी शोधत होते. तू विसरली असशील. तुझा नाइलाज झाला असेल. पुढच्या वर्षी तू मला घालणार असशील. एकेक सबब मी धरली आणि एकेक गळून पडली.

उरलीसुरली मुकादमबाईने पाडली. गेल्या महिन्यात कारखान्यात एक नवीन बाई आली, तिकडे दवाखान्यात परिचारिका होती, बाळंतपणं करायची. तिला माझ्या जोडीला रुळावर लावलं. मी तिला घडी कशी पकडायची ते दाखवत होते तर ती म्हणाली, मी फार दिवस नाही हं इथे, परिचारिकांचा वर्ग सुरू व्हायचाय, ताईंनी माझी जागा धरून ठेवली आहे, म्हणाल्या, माझ्यावर सोड. अक्षर न् अक्षर तेच! मुकादमबाई मागून जात होती, ती खो खो हसली. म्हणाली, “हिची ताई मला दरवेळी अशीच गुणी माणसं पाठवते. चौकशीचा फोन होईपर्यंत टिकव म्हणते, पुढे गेली तरी चालेल.” तिला त्यात काही वाईट वाटलं नाही. तिला माणसं हवी असतात, तुला आकडा हवा असतो. मग मी नव्या बाईला सगळं सांगितलं, चादरी तशाच पडू दिल्या.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. साहेबांनी केलं असतं तर मी म्हटलं असतं, त्यांना काय माहीत. पण माझा अंगठा काय करू शकतो हे तुला माहीत होतं. तू त्या म्हातारबुवांना पहिला घास चावताना माझ्या शेजारी उभं राहून पाहिलं होतंस. तू मला चादरींमध्ये ढकललंस आणि त्याला स्वावलंबन म्हणालीस. मी स्वतःच्या पायावर उभी आहे खरी, पण हात कुणाचे आहेत ते मला ओळखू येत नाहीत.

आणि तू हे का केलंस तेही मला कळतं, हे सगळ्यात वाईट. तुझी नोकरी अजून कच्ची आहे. हिरवा खांब उंच गेला तर ती पक्की होईल, आणि पक्की नोकरी असली तरच काकूंना छावणीतून आणता येईल. हे मला तेव्हाच विचारायचं होतंस! माझ्या दारात येऊन म्हणायचं होतंस, कवळे, आईसाठी तुझी जागा सोड. मी त्याच क्षणी सोडली असती. उरलेलं आयुष्य चादरींच्या घड्या घातल्या असत्या आणि मुकादमबाईशी विनोद केले असते. काकूंसाठी द्यायची संधी तू मला दिली नाहीस. जे मी आनंदाने दिलं असतं ते तू चोरून घेतलंस.

आता हे पत्र का, ते सांगते. बाहेरून तपासणीला आलेल्या बाई उद्या सकाळी कारखान्यात मला भेटणार आहेत. स्वावलंबी ठरलेल्यांपैकी काहीजणांना त्या स्वतः पुन्हा विचारणार आहेत, आणि त्यांच्या अहवालावर तुझी नोकरी पक्की व्हायची की नाही ते ठरेल. काल तू यांच्याकडे निरोप ठेवलास, ‘कवळीला म्हणावं, मागे सांगितलं तेच सांग, आईची शपथ आहे.’ इतक्या महिन्यांत तुझा हा पहिला शब्द, आणि तोही काकूंची शपथ घालून. ज्या माउलीने मला दूध पाजलं तिला तू माझ्या तोंडावर कुलूप म्हणून लावलंस. रात्रभर विचार केला. काकूंना आणायची सोय माझ्या खोट्यावर उभी असेल तर त्या नव्या बाईचंही खोटं लागेल, आणि तिच्या मागून येणारीचं. उद्या बाई विचारतील, कसं चाललंय? मी जन्मात पहिल्यांदा सांगणार आहे, की बरं चाललेलं नाही. तुझं नाव विचारलं तर तेही सांगणार आहे. काकू कदाचित आणखी कितीतरी वर्षं तिकडेच राहतील, आणि त्याचं पाप अर्धं माझ्या माथी येईल, हे कळूनच सांगणार आहे. हे पत्र तुझ्या दारातून आत सरकवायला मी आत्ताच निघते आहे, म्हणजे तुला रात्र मिळेल. मी तुला आधी सांगते आहे गं. तू माझ्यासाठी एवढंही केलं नाहीस.

अजून तरी तुझीच,
कवळी