चौदा एप्रिलचं कुलूप

जानेवारी १९९५

प्रिय आण्णा,

मिरजेच्या वसतिगृहातून धाडलेली चार पोस्टकार्डं सोडली, तर तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. गरजच कुठं होती? दुकानात गल्ल्याच्या अलीकडं तुम्ही, पलीकडं मी. बोलायचं ते बोलून व्हायचं, भांडायचं ते भांडून. आता तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. आणि परवा व्यापारी संघाच्या बैठकीत असं काही घडलं, की ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला अन्न गोड लागेना.

आईनं विचारलं, "काय झालं गं मिटिंगीत?" मी म्हटलं, "झाली नीट." गोष्ट तुमची होती, तुमच्याजवळच बोलायला हवी होती.

सरकारी सुट्टीच्या दिवशी पेठेतली दुकानं उघडी ठेवायची की बंद, एवढाच बैठकीचा विषय. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं! पण आपल्या घरात या एका प्रश्नावर किती वर्षं गेली, ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक.

तुम्ही मला आज्ज्याची गोष्ट लहानपणी एकदाच सांगितली होती. त्याच्याकडं गावकीची कामं होती. होळीला लाकडं त्यानं आणायची, लग्नाआधी गाव त्यानं झाडायचं, कुणी मेलं की परगावी सांगावा घेऊन त्यानंच पळायचं. "माझ्या बाला सण म्हंजी जादा काम," तुम्ही म्हणाला होता. "दुसऱ्याची सुट्टी ती त्याची पाळी. एकबी सण त्यानं बसून खाल्ला न्हाई." छप्पन साली धम्म घेतला आणि आज्ज्यानं ती कामं टाकली. तेव्हा तुम्ही एकवीस वर्षांचे होता. सांगलीला एका छापखान्यात वह्या बांधायला लागलात. हात सुईनं सोलून निघायचे म्हणे. तिथंच डोक्यात आलं, की आपलं वह्या-पुस्तकांचं दुकान काढायचं, आणि तेही पेठेत, एस.टी. स्टँडच्या रस्त्याला.

गाळा कुणी देईना. आडनाव विचारायचे आणि म्हणायचे, बघू. शेवटी हुसेनचाचांनी आपल्या बांगड्यांच्या दुकानाचा अर्धा भाग भिंत घालून तुम्हाला दिला. पेठेतलं आपल्या समाजाचं ते पहिलं दुकान. चाचा ईदला बंद ठेवायचे तेव्हा तुम्ही त्यांच्या दाराकडं लक्ष द्यायचा, आणि चौदा एप्रिलला ते तुमच्या.

चौदा एप्रिल! त्या दिवशी तुम्ही पांढरा शर्ट घालून सकाळीच दुकानावर जायचा. पायरी धुवायचा, पाटी पुसायचा आणि मग दाराला कुलूप लावायचा. त्यावर पुठ्ठा अडकवलेला असायचा, तुमच्या वळणदार अक्षरात: आज जयंती. दुकान बंद. उजवी-डावीकडं सगळी पेठ उघडी. मध्ये आपलं एकट्याचं दार बंद. तुम्ही समोरच्या कडुलिंबाखाली घटकाभर उभं राहून त्या कुलपाकडं बघायचा आणि मगच मिरवणुकीला यायचा. मला तेव्हा लाज वाटायची, आण्णा. खरं सांगते. सगळ्यांचं चालू आणि आपलंच बंद, म्हणजे आपलं काहीतरी कमी आहे, असं वाटायचं.

सव्वीस जानेवारीला, पंधरा ऑगस्टला, मोठ्या सणांना दुकानं बंद ठेवा म्हणून संघाची चिठ्ठी फिरायची. तुम्ही मुकाट्यानं सही करून बंद ठेवायचा. मग दर मार्चमध्ये तुम्ही एक अर्ज लिहायचा: चौदा एप्रिललाही सरकारी सुट्टी असते, तरी पेठ निदान दुपारपर्यंत बंद ठेवावी. तो अर्ज संघाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे कापडवाल्या शेठच्या हातात नेऊन द्यायचा. आठ दिवसांनी उत्तर यायचं, "आण्णा, लोक तयार न्हाईत. फुडच्या साली बघू." तुम्ही घरी येऊन टोपी खुंटीला अडकवायचा आणि जेवायला बसायचा. एकदाही चिडला नाहीत. का नाही चिडलात हो?

मी मात्र चिडायचे, आणि तेही तुमच्यावर. कॉलेज करून दुकानात बसायला लागल्यावर तुम्हाला म्हणाले होते, "आण्णा, त्या दिवशी कुठल्या कुठल्या गावांतून आपली माणसं येतात. पोरांना वही-पेन घ्यायचं असतं. आणि नेमकं आपलंच दार बंद! शिका म्हणून सांगणाऱ्यांच्या जयंतीला वह्यांचं दुकान बंद ठेवायचं, हे कुठलं शहाणपण?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "सुनंदे, वही काय, तू आदल्या दिशीबी इक. पर एक दिस आपल्या माणसाला बंद दार दिसू दे. आपला माणूसबी आपल्या मर्जीनं कुलूप लावू शकतोय, ह्ये दिसू दे."

मला ते पटलं नव्हतं. आणि गेल्या एप्रिलमध्ये तुमचा दमा बळावून तुम्ही मिरजेच्या दवाखान्यात होता, तेव्हा मी दुकान उघडलं. तुम्हाला न विचारता.

माझा हेतू वाईट नव्हता, आण्णा. दारात टेबल मांडलं, वह्या रचल्या, पेनांचे डबे ठेवले. काय गर्दी झाली! नऊवारीतल्या बायका पोरांच्या हाताला धरून यायच्या, पेनचं टोपण काढून बघायच्या. मी मनात म्हणत होते, बघा आण्णा, कोण बरोबर होतं!

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. धुवट धोतर, हातात काठी. पायरीशी थांबले, वर आले नाहीत.

"आज उघडं कसं? मालक कुटं हायती?"

"दवाखान्यात आहेत. मी त्यांची मुलगी. काय देऊ, बाबा?"

"काय नगं, बाई." मग म्हणाले, "मी दरसाली येतू. मिरवणुकीच्या आदी हितं थांबून कुलूप बघून जातू. बरं वाटतंय."

एवढंच बोलले आणि काठी टेकत निघून गेले. मी समजून घ्यायला हवं होतं. त्याच क्षणी दार ओढून घ्यायला हवं होतं. पण गिऱ्हाईक होतं, मी पुढची वही काढली. संध्याकाळपर्यंत दुकान उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, तर तुम्ही पहिलं विचारलंत, "जयंती कशी झाली?" मी म्हटलं, "छान झाली." पुढचं सांगायचा धीर झाला नाही. तेवढ्यात हुसेनचाचा आले. त्यांच्या मनात काही नव्हतं. तुमची तब्येत विचारून झाल्यावर कौतुकानं म्हणाले, "आण्णा, पोरगी लय हुशार हाय तुमची. काल दुकानात पाय ठेवाय जागा नव्हती!"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. चाचांच्या लक्षात आलं आणि ते चहाचं निमित्त करून बाहेर गेले. मग तुम्ही म्हणालात, "शेठनं सुट्टी दिली न्हाई, ती मी घेत हुतो. वर्सातनं एकदा, माझ्या हातानं घेत हुतो. ती तू परत देऊन आलीस, पोरी."

ओरडला असतात तर बरं झालं असतं! पण तुम्ही कूस बदललीत. पुढं घरी आलात, चार महिने राहिलात, माझ्या हातचं जेवलात, दुकानाच्या गोष्टीही केल्यात. त्या दिवसाबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाहीत. मीही काढलं नाही. आज विचारते, उद्या विचारते, करता करता तुम्ही गेलातच. आण्णा, मी चुकले. हे तुमच्या पायाशी बसून म्हणायचं होतं, ते कागदावर लिहावं लागतंय.

तुम्ही गेलात त्या दिवशी काय झालं, ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला पेठेतून नेलं तेव्हा सगळी दुकानं बंद होती. व्यापारी गेला की पेठ बंद ठेवायची, ही जुनी रीत. शेठनीही आपल्या दुकानाच्या फळ्या लावल्या होत्या. मी चालता चालता ती बंद दारं बघत होते. मनात येत होतं, जिवंतपणी या माणसानं यातला अर्धा दिवसच मागितला होता. तो द्यायला काय झालं होतं?

आता परवाचं सांगते. शेठ थकलेत, संघाचं सगळं त्यांचा मुलगा बघतो. लोक ट्रॅक्स गाड्या भरून सांगलीला खरेदीला जातात, सुट्टीच्या दिवशी तर जास्तच. म्हणून त्यानं ठराव आणला, की यापुढं कुठल्याच सरकारी सुट्टीला पेठ बंद ठेवायची नाही. मी बैठकीला गेले. तिथं बाई म्हणून मी एकटीच. हुसेनचाचांनी शेजारी जागा करून दिली.

मी उठले. म्हणाले, "सांगलीची भीती मलाही आहे. माझंही गिऱ्हाईक तिकडं जातं. पण मालकाला उघडायचं असेल तर तो उघडेल. त्याच्याकडं कामाला असलेल्या माणसाला कोण विचारणार? त्याला वर्षातले हे चार-दोन दिवसच घरात बसायला मिळतात." मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. मी थांबले नाही. "आणि दुसरं. माझे वडील चौदा एप्रिलसाठी दरवर्षी अर्ज करत होते. तुम्ही सगळ्यांनी दरवर्षी नकार दिलात. निदान नकाराचं कारण तरी वहीत लिहिलं असेल. मला ते वाचून दाखवा."

चिटणिसांनी ठरावांच्या जुन्या वह्या काढल्या. पानं उलटली, परत उलटली. भांडीवाले म्हणाले, "कसला अर्ज? आमी कवा ऐकला न्हाई." दोघंतिघं एकमेकांकडं बघायला लागले.

तेव्हा भिंतीला टेकून बसलेले म्हातारे शेठ बोलले. "शोधू नगा. सापडायचा न्हाई. मी त्यो कवा बैठकीत मांडलाच न्हाई."

शेठ खाली बघून म्हणाले, "वाटायचं, मांडला आन लोक हो म्हनलं तर? मग दर गोष्टीला हो म्हनावं लागंल. म्हनून खिशातच ठेवायचो."

मला राग यायला हवा होता, पण राग आलाच नाही. डोळ्यांपुढं तुम्हीच आलात. सगळ्या पेठेनं आपल्याला नाही म्हटलं, असं समजून तुम्ही दरवर्षी त्याच पेठेत हसतमुखानं बसलात. आणि पेठेला कुणी विचारलंच नव्हतं, आण्णा! कुणीच विचारलं नव्हतं!

मग मतं झाली. सुट्टीला ज्याला उघडायचं त्यानं उघडावं, पण नोकराला त्याच्या मनाविरुद्ध बोलावायचं नाही, एवढं मान्य झालं. चौदा एप्रिलला पेठ दुपारपर्यंत बंद ठेवायची, यावर हात वर करायला सांगितले. चाचांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग भांडीवाल्यांचा, चष्मेवाल्यांचा, आणखी काहींचा. मला वाटलं नव्हतं तेवढे हात आले. पण पुरले नाहीत. आपण हरलो.

बाहेर पडताना भांडीवाले थांबले. "आण्णांनी आमाला तरी इचारायचं, ताई."

"त्यांना वाटत होतं, विचारलंय," मी म्हणाले.

तुमचाही थोडा राग आला मला त्या वेळी. एवढ्या वर्षांत एकदा तरी बैठकीत जाऊन का बसला नाहीत? अर्ज नेऊन दिलात आणि उत्तराची वाट बघत राहिलात. का? कुणी जागेवरून उठवेल म्हणून? मला उत्तर माहीत आहे बहुतेक, म्हणूनच जास्त लागतं.

पण आता रडगाणं पुरे. एक शब्द देते, आण्णा. येत्या चौदा एप्रिलला आपलं दुकान बंद असेल, आणि मी जिवंत असेपर्यंत दरवर्षी असेल. वह्यांचं टेबल आदल्या दिवशी मांडीन. आणि यंदाचा अर्ज मी कुणाच्या हातात ठेवून घरी येणार नाही. स्वतः लिहीन आणि स्वतः पेठेतलं एकेक दुकान गाठीन. समोर उभी राहून वाचून दाखवीन. नाही म्हणायचं असेल त्यानं माझ्या तोंडावर म्हणावं.

उद्या सकाळपासून सुरुवात करते. पहिलं दुकान शेठच्या मुलाचं.

तुमची,
सुनंदा